स्टोव्ह तेल फार खातो तेव्हा

हिमालयातल्या उंच मुक्कामांवर द्रव इंधनाचा स्टोव्ह घेऊन जाणाऱ्या मंडळींची एक तक्रार नेहमीची असते: घरून निघताना नीट हिशेब करून जे रॉकेल बरोबर घेतले, ते ठरलेल्या दिवसांपैकी निम्मे दिवस सरण्यापूर्वीच तळाला गेले, आणि या तक्रारीचा निकालही बहुधा एकच लागतो, तो असा की स्टोव्ह बिघडला आहे, तो तेल फार खातो. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. तेल खर्च होण्याची खाती मुळात दोन आहेत: टाकीतून दर मिनिटाला किती तेल बाहेर पडते हे एक, आणि त्या तेलाच्या ज्वालेतून निघालेल्या उष्णतेपैकी किती पातेल्यातल्या पाण्यापर्यंत पोहोचते हे दुसरे. पहिल्या खात्यात गफलत असेल तर पिन, निपल आणि वायसर यांची झडती घ्यावी लागते. परंतु माझी अशी खात्री आहे की दहा तक्रारींपैकी बहुसंख्य तक्रारींचे मूळ दुसऱ्या खात्यात, म्हणजे ज्वाला आणि पातेले यांच्यामधल्या चार-दोन बोटांच्या मोकळ्या जागेत असते, आणि नेमकी तीच जागा कोणी तपासत नाही.

किती तेल लागणे रास्त आहे, हे प्रथम ठरवल्याशिवाय जास्त लागले असे म्हणण्याला अर्थ नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे २० अंश सेल्सियसचे ओढ्याचे पाणी समुद्रसपाटीजवळ उकळण्यास ८० किलोकॅलरी पुरेत. एक किलो रॉकेल जळाले की सुमारे १०,३०० किलोकॅलरी उष्णता निघते. तेव्हा एका लिटर पाण्याला आदर्श परिस्थितीत ८ ग्रॅम, म्हणजे १० मिलिलिटर रॉकेल लागावे. प्रत्यक्षात निम्मी उष्णता पातेल्याच्या कडेने वर निघून जाते, काही पातेले स्वतःच हवेला देते, आणि म्हणून धडधाकट स्टोव्ह, निवाऱ्याची जागा व झाकण घातलेले पातेले एवढे जमले असता लिटरमागे २० मिलिलिटरांचा खर्च योग्यच समजला पाहिजे. आता हाच हिशेब बर्फाला लावून पाहावा. उणे १० अंशांचा बर्फ शून्यापर्यंत आणण्यास ५, तो वितळवण्यास ८० आणि झालेले पाणी शंभर अंशांवर नेण्यास १०० अशा एकंदर १८५ किलोकॅलरी लागतात. तेव्हा त्याच स्टोव्हवर, त्याच पातेल्यात, तितक्याच कौशल्याने केलेल्या कामाला २० ऐवजी ४५ मिलिलिटर, म्हणजे सव्वादोनपट तेल लागते, आणि त्यात यंत्राचा यत्किंचितही दोष नसतो. पावसाळा संपल्यावर सह्याद्रीच्या एखाद्या किल्ल्यावर टाक्याचे पाणी उकळून जो अंदाज बांधला, तोच हिमनदीवर लागू करणारा मनुष्य पुढे स्टोव्हला दूषणे देतो, याचे कारण हे आहे.

या विद्येत आजवर सर्वांत उत्तम जमाखर्च ज्याने मांडला, तो गृहस्थ म्हणजे नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली काजळी न धरणारा, हवेच्या दाबावर चालणारा रॉकेलचा स्टोव्ह बाजारात आणला आणि त्याला प्रायमस हे नाव दिले. आपल्याकडे पुढे कित्येक दशके घरोघरच्या ओट्यावर जो पितळी पंपाचा स्टोव्ह भरारत असे, त्याचे कूळ हेच. नान्सेनने हा नवा स्टोव्ह ताबडतोब उचलला, आणि १८९५ च्या मार्चमध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून योहान्सेन या एकाच सोबत्यासह तो उत्तर ध्रुवाच्या दिशेने कुत्र्यांच्या गाड्यांनिशी निघाला, तेव्हा दोघांसाठी त्याने सुमारे ४ गॅलन, म्हणजे १८ लिटरांच्या आसपास रॉकेल घेतले. हे तेल त्यांना १२० दिवस पुरले. दिवसातून दोन वेळा ऊन अन्न शिजले, आणि बर्फ वितळवून पाणीही मुबलक मिळाले. भागाकार केला तर दोघांत मिळून दिवसाला दीडशे मिलिलिटर तेल पडते. आजही कोणी शीत प्रदेशात एवढ्या तेलात दोघांचे भागवील तर त्याचे कौतुकच होईल.

हे घडले ते स्टोव्हच्या अंगच्या गुणाने नव्हे, तर नान्सेनने त्यावर ठेवलेल्या भांड्याच्या रचनेने. अन्न शिजवण्याचे पातेले मधोमध. त्याच्याभोवती कंकणाकृती दुसरे भांडे, त्यात बर्फ भरलेला. दोहोंमध्ये अरुंद पोकळी, तिच्यातून ज्वालेचे तप्त वायू वर चढणार. वर पोहोचताच ते बर्फाने भरलेल्या तिसऱ्या, चपट्या भांड्याच्या तळाला लागणार. आणि या सगळ्यावरून एक आच्छादन, ज्याच्या आतून ते वायू पुन्हा खाली उतरून आपली उरलीसुरली उष्णता बाहेरच्या भांड्याच्या अंगाला देऊन मगच बाहेर पडणार. अशा योजनेने इंधनाच्या उष्णतेचा नऊ-दशांशांहून अधिक भाग उपयोगी लावता येतो असा नान्सेनचा दावा होता, आणि वर दिलेल्या आकड्यांवरून तो पडताळूनही पाहता येतो: दीडशे मिलिलिटर रॉकेलातून सुमारे १,२०० किलोकॅलरी निघतात, त्यांतला नऊ-दशांश भाग घेतला तर बर्फापासून सहा लिटरांच्या आसपास उकळते पाणी होते, आणि दोन माणसांचे दोन वेळचे अन्नपाणी त्यात होण्यासारखे आहे. उष्णतेचा निम्मा भाग वाया जाऊ दिला असता तर याच पाण्याला पावणेतीनशे मिलिलिटर तेल लागून त्यांची शिदोरी १२० दिवसांऐवजी ७० दिवसांच्या आतच आटोपली असती.

तेव्हा संशय आला की पहिल्याने चाचणी घ्यावी, आणि ती निघण्यापूर्वी घरीच घ्यावी. वारा नसलेली जागा निवडून, एक लिटर पाणी मोजून, त्याचे तापमान पाहून, झाकण घालून ते पाण्याला खळखळून उकळी फुटेपर्यंत तापवावे. आरंभी व शेवटी तेलाची बाटली स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावी. वजनच करावे, मापाने अंदाज करू नये, कारण बाटलीतली तेलाची पातळी डोळ्याला फसवते. खर्च १५ ते २० ग्रॅमांच्या दरम्यान आला तर यंत्र निर्दोष आहे असे समजून शोध दुसरीकडे वळवावा. तो ३० ग्रॅमांच्या पुढे गेला तर मात्र स्टोव्ह उघडून बसणे प्राप्त आहे. या चाचणीत बर्नर तापवण्यास लागलेले इंधन वेगळे धरावे. कारण ते दर पेटवणीला एकदाच लागते, आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा चहा करणाऱ्या मंडळींचा पुष्कळसा अपव्यय या एकाच सदरात पडलेला असतो. ज्या स्टोव्हमध्ये काकड्याने वा स्पिरिटने तापवण्याऐवजी स्वतःचेच तेल बर्नरखालच्या वाटीत सोडून पेटवतात, त्यांत तर चमचाभर पुरेसे असता वाटी काठोकाठ भरण्याची सवय फार आढळते.

यंत्रात दोष असलाच, तर तो बहुधा निपलाच्या छिद्रात असतो. टाकीतल्या हवेच्या दाबाने तेल नळीतून वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, आणि ती वाफ निपलाच्या केसासारख्या सूक्ष्म छिद्रातून वेगाने सुटताना सभोवारची हवा आपल्याबरोबर ओढून घेऊन निळ्या ज्वालेने जळते. स्टोव्हचे सगळे गणित त्या छिद्राच्या आकारावर बेतलेले असते. छिद्रात कचरा अडकला म्हणजे आपण पिन फिरवतो, आणि पिन जर जाड असली, वाकडी असली, किंवा जोराने फिरवली गेली, तर पितळेचे ते कोवळे छिद्र हळूहळू झिजून मोठे होते. निपल काढून दिव्याच्या उजेडासमोर धरावे आणि भिंगातून पाहावे: नव्या निपलाचे छिद्र सुरेख वर्तुळाकार व कडेला स्वच्छ दिसते, तर झिजलेल्याचे एका अंगाला ताणल्यासारखे लांबट दिसते, आणि त्याच्या काठावर पिनेचे ओरखडेही आढळतात. बाहेर पडणाऱ्या वाफेचे प्रमाण छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे, व्यास एक-दशांशाने वाढला की तेलाचा खर्च एक-पंचमांशाने वाढतो. आणि हवा त्या मानाने पुरेशी ओढली जात नसल्याने हे अधिकचे तेल नीट जळतही नाही. ज्वाला पिवळी पडते, पातेल्याला काजळी धरते, आवाज भसाडा होतो. झिजलेल्या निपलावर उपाय नाही, ते बदलावे. किंमत अल्प आहे, आणि मोहिमेवर जाताना एक जादा निपल व दोन-चार योग्य मापाच्या पिना जवळ असाव्यात हे उत्तम.

अलीकडच्या बहुइंधनी स्टोव्हमध्ये हाच दोष वेगळ्या मार्गाने शिरतो. प्रायमसच्याच ‘ओम्नीफ्युएल’ या स्टोव्हला तीन निरनिराळी निपले येतात: गॅससाठी ०.४५, पेट्रोलसाठी ०.३७ आणि रॉकेलसाठी ०.२८ मिलिमीटर छिद्राची. पेट्रोलचे निपल तसेच ठेवून टाकीत रॉकेल भरले, तर छिद्राचे क्षेत्रफळ जरूरीपेक्षा पाऊणपट अधिक होते. मग स्टोव्ह धुमसतो, भडकतो, तेल पितो आणि उष्णता बेताचीच देतो. मापे निपलावर कोरलेली असतात, परंतु अक्षरे इतकी बारीक की संध्याकाळच्या उजेडात ती वाचण्याच्या भरीस कोणी पडत नाही. उलट दिशेची चूक मात्र केवळ खर्चाची नसून प्राणावर बेतणारी आहे, म्हणून येथेच सांगितली पाहिजे: निव्वळ रॉकेलसाठी घडवलेल्या पितळी स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही घालू नये. इंधनाच्या जातीसंबंधी आणखी एवढेच, की आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याच्या लिटरमागे निघणारी उष्णता शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असल्यामुळे तितका जादा खर्च गृहीतच धरावा, आणि जुन्या रबरी वायसरांवर डोळा ठेवावा, कारण इथेनॉलने ते फुगतात.

दाबाविषयी एक भ्रम सर्वत्र पसरलेला आहे. हवा जितकी जास्त भरावी तितके काम लवकर होते, असे समजून पंपाचे हात मारीतच राहणारे लोक आहेत, आणि आच जितकी मंद तितकी बचत मोठी असे समजणारेही आहेत. दोघांचेही तेल जास्त जाते. दाब अवाजवी वाढला की ज्वाला पातेल्याच्या तळाखाली न मावता कडेने वर चढते, आणि तिच्यातली उष्णता पाण्याऐवजी आभाळाला मिळते; उलटपक्षी दाब फार उतरला तर हवा पुरेशी ओढली जात नाही, ज्वाला पिवळट होते, आणि पाणी तापण्यास इतका विलंब लागतो की तेवढ्या वेळात थंड हवा पातेल्यातली निम्मी कमाई हिरावून नेते. ज्वालेचे टोक तळाच्या काठाच्या आत राहील, रंग निळा असेल आणि आवाज एकसारखा राहील, एवढा दाब हा योग्य दाब होय. तो टिकत नसेल, पुन्हा पुन्हा हवा भरावी लागत असेल, तर पंपाचा चामड्याचा वायसर सुकला आहे असे समजावे. तेलाचा थेंब लावून, बोटांनी त्याची कड पसरून तो परत बसवला की बहुतेक वेळा काम भागते.

आता दुसऱ्या खात्याकडे वळू. मी या खात्याला अधिक जागा देतो, कारण येथे हरवणाऱ्या तेलाला सुमार नाही. वारा हा त्यातला मुख्य गुन्हेगार. अंगाला सुखकर वाटावी इतकी मंद झुळूकदेखील ज्वाला पातेल्याखालून ओढून एका बाजूला नेते आणि तापलेल्या पातेल्याचे अंग सतत गार करीत राहते. खिंडीतला जोराचा वारा असला तर पाणी उकळतच नाही, केवळ कोमट राहून तेल जाळते. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा पातेल्याभोवती बोटभर अंतर सोडून, उंचीने पातेल्याच्या काठाजवळ येईल असा उभा करावा. तो नुसता वारा अडवीत नाही, तर वर जाणाऱ्या वायूंना पातेल्याच्या अंगाला घासून जायला लावतो, आणि नान्सेनच्या भांड्यातले तत्त्व काही अंशी येथे आयतेच साधते. स्टोव्हखाली दुसरा पत्रा अंथरला की बर्फात जाणारी उष्णता परत वर येते व स्टोव्ह खाली खचतही नाही. मात्र ज्या स्टोव्हची टाकी बर्नरच्या थेट खाली असते, त्याच्याभोवती असा पूर्ण वेढा घालणे अत्यंत घातक आहे, कारण टाकी तापून आतला दाब भलताच वाढतो. अशा स्टोव्हला वाऱ्याच्या बाजूनेच आडोसा द्यावा आणि टाकीला अधूनमधून हात लावून पाहावा. तिच्यावर हात ठेववत नसेल तर स्टोव्ह तत्काळ बंद करावा.

पातेले रुंद बुडाचे असावे; उंच, अरुंद डबा सॅकमध्ये छान बसतो, पण ज्वालेला तळ पुरत नाही. झाकणाचे महत्त्व तर आकड्यांतच कळते. शंभर ग्रॅम पाण्याची वाफ होऊन उडाली तर तिने ५४ किलोकॅलरी नेल्या, म्हणजे एक लिटर पाणी ५४ अंशांनी तापवण्याइतकी उष्णता नेली. पाण्याला उकळी आली की नाही हे पाहण्यासाठी दर मिनिटाला झाकण उचलणारा मनुष्य हे नुकसान अजाणता करीत असतो. शिवाय, चहासाठी अथवा पिण्यासाठी पाणी खळखळा उकळत ठेवण्याचे काही कारण नसते. बर्फ वितळवताना भांड्यात आधी घोटभर पाणी घालून मग बर्फ थोडा थोडा टाकावा, नाहीतर कोरडा बर्फ आपल्या अंगातच पाणी शोषून घेतो, तळाशी पोकळी राहते, आणि पातेले करपते.

उंचीचा परिणाम येथे सांगण्याजोगा आहे, कारण डाळ-तांदूळ खाणाऱ्या आपल्या लोकांना तो विशेष जाचतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरांच्या चढाला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. ४,००० मीटरांवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते, आणि त्या उकळीत तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा बोटाखाली चेपत नाही. स्वयंपाकी आच वाढवतो, परंतु आच वाढवल्याने उकळत्या पाण्याचे तापमान वाढत नाही, वाफ तेवढी जास्त होते. येथे लहान प्रेशर कुकर पाठीवर वाहण्याचे श्रम पुरेपूर वसूल होतात: शिटीच्या वजनाने आतला दाब वाढून त्याच उंचीवर पाण्याचे तापमान ११० अंशांच्या पुढे जाते. कुकर नसेल तर डाळ रात्री भिजत घालावी, तांदळाऐवजी पोहे, शेवया, सातूचे पीठ असे शिजण्यास अल्प मागणारे जिन्नस न्यावेत, आणि उकळी आलेले पातेले स्टोव्हवरून उतरवून गरम कपड्यांत गुंडाळून ठेवावे. शिजण्याची पुढची क्रिया बिनतेलाची होते.

याउपर एक खाते असे आहे की ज्यात तेल जळतच नाही, तरी खर्ची पडते. ते म्हणजे गळती. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती वाटेवरच्या एकेका साठ्याशी येऊन पोहोचत, तेव्हा तेथे ठेवलेल्या डब्यांत तेल अपेक्षेपेक्षा कमी भरे. झाकणांचे चामड्याचे वायसर थंडीने निकामी होऊन त्यांतून रॉकेल हळूहळू निसटून गेले होते. त्याच ध्रुवावर गेलेल्या अमुंडसेनने आपले डबे डाक देऊन बंद केले होते आणि त्याला हा प्रसंग आला नाही. स्कॉटच्या तुकडीवर ओढवलेल्या अंताला कारणे अनेक होती, तथापि उष्ण अन्न व वितळवलेले पाणी अपुरे पडणे हे त्यांतले लहान कारण नव्हते. आपल्या बाटलीची परीक्षा सोपी आहे: हवा भरून, स्टोव्ह न पेटवता, पंपाच्या मानेवर, चावीपाशी व नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, आणि मोहरीएवढा जरी बुडबुडा फुगताना दिसला तरी तेथला वायसर बदलावा. शिवाय भरलेली बाटली रात्रभर आडवी ठेवून सकाळी तिच्याखालचा कागद पाहावा.

काटकसरीलाही एक मर्यादा आहे, आणि ती हवेची. आडोसा चारही बाजूंनी घट्ट मिटला, किंवा पातेले ज्वालेच्या अगदी जवळ आणले, तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा रंग वा वास नसलेला विषारी वायू तयार होतो. वाऱ्याच्या भीतीने दार पुरते बंद केलेल्या तंबूत तो माणसाला झोपेतच गाठतो. १९३४ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात एका लहानशा झोपडीत एकट्याने राहिलेला अ‍ॅडमिरल बर्ड याच वायूने मरणाच्या दारी पोहोचला होता. डोके दुखू लागले, मळमळले, किंवा ज्वाला पिवळी पडली, की तेलाचा विचार सोडून तंबूचे दार उघडावे. आणि शक्य तोवर स्टोव्ह तंबूच्या बाहेर, नाहीतर ओसरीत, वरची खिडकी मोकळी ठेवूनच पेटवावा.

काटकसरीची दुसरी मर्यादा तहानेची. १९५२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर ८,४०० मीटरांच्या उंचीवर लॅम्बर्ट आणि तेनसिंग या गिर्यारोहकांनी स्टोव्हवाचून रात्र काढली; मेणबत्तीच्या ज्योतीवर डब्यात थोडा बर्फ वितळवून जे पाणी मिळाले तेवढ्यावर त्यांना तहान भागवावी लागली. शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू याने त्या काळात आग्रहाने मांडले की अतिउंचीवर माणसाला दिवसाकाठी तीन ते चार लिटर द्रव पोटात गेलाच पाहिजे. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेने स्टोव्ह आणि इंधन यांची तरतूद त्या हिशेबाने केली. चार लिटर पाणी बर्फापासून पिण्यालायक कोमट करण्यास, निम्मी उष्णता वाया जाते असे धरून, माणशी सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर रॉकेल लागते; स्वयंपाकाचे तेल यावर वेगळे. घरच्या चाचणीत आपला स्टोव्ह लिटरमागे २० ऐवजी २५ मिलिलिटर घेत असेल, तर हे सर्व आकडे सव्वापट करावेत, वादळाने तंबूत अडकून पडण्याचे दोन-तीन दिवस वर धरावेत, आणि मोहिमेच्या पहिल्या मुक्कामावरच बाटली पुन्हा वजन करून प्रत्यक्ष खर्च या अंदाजाशी ताडून पाहावा, म्हणजे तूट असलीच तर माघारी जाऊन तेल आणण्यास अजून वाव असतो.